एवढा शिकलेला माणूस लाकडं काऊन तोडून राह्यला? युनूस एमरेची मालिका समजून घेताना

प्रश्न आमच्या आजीचा. रात्रीची जेवणं आटोपून शेजारच्या चाचांच्या ओसरीत आम्ही सातआठ जण बसलो होतो. चाचांच्या नातवानं मोबाइल टीव्हीला जोडून एक तुर्की मालिका लावली होती, उर्दूत डब केलेली. चाचांना उर्दू येते, पोरांना हिंदीच्या आधारानं बरंचसं समजतं, आणि आजी चेहऱ्यांवरून गोष्ट धरते. पडद्यावरचा तरुण काही भागांपूर्वी काझी होता. समोर फिर्यादी, आजूबाजूला अदबीनं उभे असलेले लोक. आता तोच जाडाभरडा झगा घालून रानात कुऱ्हाड चालवत होता. आजी म्हणाली, "काऊन रे बापू, एवढा शिकलेला माणूस लाकडं काऊन तोडून राह्यला?"

कोणालाच चटकन सांगता आलं नाही. चाचा म्हणाले, "पीरनं सांगितलं म्हणून." आजीचं समाधान झालं नाही. "सांगितलं म्हणून काय झालं? त्याले काय भेटनार हाय त्याच्यातून?"

मला हा प्रश्न फार मोलाचा वाटला. त्याचं उत्तर हाती नसेल तर ही मालिका संथ आणि कंटाळवाणी वाटते. एक माणूस मोळ्या वाहतो, गुरू दोन शब्द बोलतो, पुन्हा मोळ्या. उत्तर लागलं की तीच मालिका डोळ्यांपुढून हलत नाही. पुढचे काही दिवस भाग सुरू व्हायच्या आधी मी थोडंथोडं सांगत गेलो. तेच इथं जरा नीट करून लिहितो आहे.

मालिका युनूस एमरे या सूफी कवीवर आहे. तुर्कस्तानच्या सरकारी वाहिनीनं, टीआरटीनं, ती २०१५-१६मध्ये दाखवली. युनूस साधारण १२४० ते १३२१ या काळातला. तुर्की भाषेत त्याची जागा आपल्याकडच्या ज्ञानोबा-तुकोबांसारखी: शाळेत गेलेल्यालाही पाठ, न गेलेल्यालाही पाठ. तिथल्या २०० लिराच्या नोटेवर त्याचं चित्र आहे. १९९१ हे वर्ष युनेस्कोनं त्याच्या नावानं पाळलं. मालिकेतली गोष्ट थोडक्यात अशी: कोन्याच्या मदरशात शिकून हुशार ठरलेला युनूस नाल्लीहान नावाच्या गावी काझी म्हणून येतो, तिथं तापदुक एमरे या फकिराशी त्याची गाठ पडते, आणि काही काळानं तो न्यायासन सोडून त्याच फकिराच्या दारात चाकर होतो.

दुष्काळ, खंडणी आणि चूल

आजचा तुर्कस्तान ज्या पठारावर पसरला आहे त्याला अनातोलिया म्हणतात. तेराव्या शतकात तिथं सेल्जुक सुलतानांचं राज्य होतं, राजधानी कोन्या. १२४३मध्ये कोसे दागच्या लढाईत मंगोलांनी सेल्जुकांना हरवलं. सुलतान गादीवर राहिला, पण मांडलिक म्हणून. खंडणी वर जायची आणि भरायची ती खालच्यानं, शेतकऱ्यानं आणि मेंढपाळानं. त्यातच मंगोलांच्या भीतीनं पूर्वेकडून, खोरासान आणि बल्खच्या बाजूनं, माणसांचे तांडे आधीपासून येत होते. फारसीतला थोर सूफी कवी जलालुद्दीन रूमी याचं घराणं असंच बल्खच्या मुलखातून निघून कोन्यात स्थिरावलं होतं.

अशा दिवसांत 'तू कोण, कुठला' असं न विचारता दोन घास देणारी जागा म्हणजे फकिरांचा मठ. सूफी मार्ग त्या मुलखात ग्रंथांमुळे पसरला त्याहून जास्त चुलीमुळे पसरला, असं माझं मत आहे. नापिकीचं वर्ष ज्यानं पाहिलं आहे त्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

सूफी हा शब्द बहुतेक जण 'सूफ' म्हणजे लोकर यावरून आला असं मानतात. अंगाला टोचणारं लोकरीचं जाडं वस्त्र घालणारे ते सूफी. युनूसच्या अंगावर जो झगा दिसतो तो हाच. आमच्या कपाशीच्या मुलखात लोकर कोणी रोज घालत नाही, म्हणून चाचांनी घोंगडी आणून पोरांच्या उघड्या हातावर घासून दाखवली. पोरांना शब्द कायमचा लक्षात राहिला.

आणखी एका शब्दानं ओसरीत बराच घोटाळा केला. मालिकेत ज्या जागेला देरगाह म्हणतात तिथं कबर दिसत नाही, चादर दिसत नाही, लोबानाचा धूर नाही. मग हा कसला दर्गा? आमच्यापासून वर्धा जिल्ह्यातल्या गिरडची टेकडी जवळ आहे, त्यामुळे दर्गा म्हटलं की प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे गिरडच येतं. फरक असा की आपल्याकडे दर्गा म्हणजे होऊन गेलेल्या अवलियाचं स्थान, आणि तुर्की देरगाह म्हणजे जिवंत गुरूचा आश्रम, जिथं शिष्य राहतात, रांधतात, झाडतात, शिकतात. मूळ फारसी शब्दाचा अर्थ उंबरठा, दार. गुरूला शेख, पीर किंवा मुर्शिद म्हणायचं, शिष्याला मुरीद. दारोदार फिरणारा किंवा दारात राहिलेला फकीर तो दरवेश.

गिरडचं नाव निघालंच आहे तर सांगतो. ते स्थान बाबा फरीदांच्या नावाचं. बाबा फरीद सूफींच्या चिश्ती परंपरेतले, निजामुद्दीन अवलियांचे गुरू, पंजाबीतले मोठे कवी. त्यांची वचनं शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. त्यांची कबर पाकिस्तानातल्या पाकपट्टणला आहे. गिरडला त्यांनी तप केलं, असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. टेकडीवर सापडणारे गोल दगड म्हणजे बाबांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा दगड झालेला माल, ही गोष्ट समुद्रपूर तालुक्यातल्या लेकराला तोंडपाठ असते. भूगर्भ जाणणारे त्या दगडांना झिओलाइट म्हणतात. बाबा फरीदांची मला सगळ्यात आवडणारी आठवण सुईची आहे. कोणीतरी त्यांना कात्री भेट दिली, तर ते म्हणाले, मला सुई दे, मी कापत नाही, शिवतो. बाबा फरीद गेले १२६६च्या सुमारास. तेव्हा युनूस विशी-पंचविशीत असेल. म्हणजे हा तुर्की कवी आपल्याला वाटतो तितका परका नाही. त्याच्या परंपरेचं दार आमच्या टेकडीवर उघडंच आहे.

गहू की फुंकर

मालिकेतला युनूस काझी आहे, पण लोककथेतला युनूस साधा शेतकरी आहे, सारिकोय नावाच्या गावचा. आजीला ही दुसरी गोष्ट जास्त पटली. मलाही तीच जवळची वाटते.

गोष्ट अशी. एका वर्षी पाऊस पडला नाही. घरात दाणा उरला नाही. युनूसला कोणीतरी सांगितलं की हाजी बेक्ताश नावाच्या अवलियाच्या दारातून कोणी रिकाम्या हातानं परत येत नाही. रिकाम्या हातानं जायचं कसं, म्हणून युनूसनं डोंगरातली रानफळं वेचून बैलावर लादली आणि निघाला. (आमच्याकडे पाहुण्याकडे जाताना काही नसेल तर माणूस धुऱ्यावरची बोरं तरी फडक्यात बांधून नेतो.) हाजी बेक्ताशांनी रानफळं घेतली, युनूसला दोन-चार दिवस ठेवून घेतलं आणि निघताना विचारलं, "गहू देऊ की नफस देऊ?" नफस म्हणजे श्वास, फुंकर, अवलियाचा आशीर्वाद, आतली शक्ती.

युनूस म्हणाला, "गहू."

पुन्हा विचारलं, प्रत्येक फळामागे एक फुंकर देतो. युनूस म्हणाला, गहू. तिसऱ्यांदा विचारलं, फळातल्या प्रत्येक बीमागे दहा देतो. युनूस म्हणाला, मला लेकरंबाळं आहेत, गहू द्या. त्यांनी बैलावर मावेल तेवढा गहू लादून दिला.

गाव मागे पडलं आणि वाटेत युनूसच्या मनात आलं, गहू चार महिन्यांत संपेल. त्यांनी जे देऊ केलं होतं ते संपणारं नव्हतं. तो माघारी फिरला, गहू दारात उतरवला आणि म्हणाला, मला ते दुसरं द्या. उत्तर आलं, "आता ते इथं नाही. तुझ्या कुलपाची किल्ली आम्ही तापदुक एमरेकडे दिली. तिकडे जा."

ही गोष्ट कीर्तनात सांगावी तशी लोक सांगतात आणि युनूस कसा चुकला यावर भर देतात. मला त्यात युनूसची चूक दिसत नाही. दुष्काळात घरी लेकरं उपाशी असताना गहू मागणं हेच बरोबर. गोष्टीतला अवलियाही त्याला रागावत नाही. गहू देतो, आणि हात राखून देत नाही. त्या मठाची रीतच ती: आधी पोट, मग बाकीचं. युनूसचं मोठेपण भरल्या बैलासह माघारी फिरण्यात आहे. पोतं हातात आल्यावर माणूस सहसा मागे वळून पाहत नाही.

मोळी

आता आजीच्या प्रश्नाकडे येऊ. तापदुक एमरेनं युनूसला ना पोथी दिली ना मंत्र समजावला. रानातून मठाच्या चुलीसाठी लाकडं आण, एवढंच काम दिलं. लोककथेत हे काम चाळीस वर्षं चालतं. सूफी परंपरेत चाळीस या आकड्याला मान आहे, चाळीस दिवसांच्या एकांतसाधनेला चिल्ला म्हणतात. तेव्हा चाळीस वर्षं म्हणजे 'पिकायला लागतो तेवढा काळ' असं समजावं.

लाकडंच का? हे समजायला नफ्स हा शब्द हवा. मघाचा नफस म्हणजे श्वास आणि हा नफ्स म्हणजे जीव, 'मी'. अरबीत दोन्ही एकाच धातूचे, पण काम वेगळं. नफ्स म्हणजे आपल्या आत बसून सतत मागणारा, स्वतःला पुढे करणारा, दुखावला की फणा काढणारा 'मी'. कुराणात त्याच्या तीन अवस्था येतात. पहिली अम्मारा, म्हणजे हुकूम सोडणारा. हे हवं, ते आण. दुसरी लव्वामा, स्वतःलाच बोल लावणारा. चूक करतो आणि रात्री झोप लागत नाही. तिसरी मुतमइन्ना, निवलेला. पुढच्या सूफींनी या पायऱ्या सात केल्या. पहिल्या तीन समजल्या तरी मालिका पाहायला पुरे.

प्रत्येकाचा नफ्स वेगळ्या खाण्यावर पोसलेला असतो. कोणाचा पैशावर, कोणाचा मानपानावर. काझी युनूसचा पोसला होता तो विद्येवर. त्याला कायद्याचं कलम तोंडपाठ, वादात तो हरत नाही, समोरच्याचं बोलणं संपायच्या आत त्याच्याकडे उत्तर तयार. अशा माणसाला आणखी एक ग्रंथ दिला तर दुखण्यालाच खुराक मिळाला असता. म्हणून गुरू त्याला असं काम देतो जिथं त्याची विद्या कामाला येत नाही. कुऱ्हाडीला अरबी व्याकरण कळत नाही. रानात ऐकणारा कोणी नाही. आज आणलेलं लाकूड उद्या राख होतं, दाखवायला काही उरत नाही. वाट तीच, ओझं तेच, आणि कौतुक नाही. काही भाग आपण फक्त हे पाहतो, आणि पाहता पाहता त्या नटाच्या चालण्यातला ताठा कमी होत जातो. मालिकेतलं सगळ्यात चांगलं काम मला तिथं दिसलं.

लोककथेत पुढे एक प्रसंग येतो. इतकी वर्षं लाकडं आली, पण मोळीत एकही वाकडी फांदी कधी दिसली नाही. तापदुकनं विचारलं, "रानात वाकडं लाकूड नाही का रे?" युनूस म्हणाला, "आहे. पण या दारातून वाकडं लाकूडसुद्धा आत जाऊ नये."

हे ऐकून आजी म्हणाली, "चुलीले काय, वाकडं बी जयते." बरोबर आहे. आजीनं आयुष्यभर पऱ्हाट्या आणि तुऱ्हाट्यांवर स्वयंपाक केला, तिच्याएवढं जळणाचं कोणाला कळणार? जाळासाठी सरळ लाकडाची काहीच गरज नाही. पण मोळी बांधणाऱ्याला विचारा. वाकडी फांदी मोळीत बसत नाही, दोर सैल पडतो, चालताना पाठीला टोचते. सरळ लाकूड शोधायला रानात जास्त आत जावं लागतं, चार झाडं सोडून पाचव्यापाशी थांबावं लागतं, तोडायच्या आधी पाहावं लागतं. कोणी सांगितलं नसताना युनूस ते करत होता. हुकमाचं काम त्यानं आपलं करून घेतलं होतं. ज्या दिवशी तो हे उत्तर देतो त्या दिवशी काझी पूर्ण विरघळलेला असतो.

इथं एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे, कारण ओसरीत पोरंही बसलेली असतात. गुरू सांगेल ते निमूट करायचं, हे ऐकायला गोड आणि वागायला धोक्याचं आहे. आपल्या भागात बाबांच्या नादानं शेत विकलेली घरं सगळ्यांना माहीत आहेत. मग तापदुक आणि तसला बाबा यांत फरक काय? तापदुक युनूसकडून काही घेत नाही. ना पैसा, ना जमीन, ना जयजयकार. त्याच्या मठातली लाकडं सगळ्यांच्या जेवणासाठी जळतात. आणि दार बाहेरूनही उघडतं आणि आतूनही. युनूसला जावंसं वाटलं तेव्हा तो गेला, कोणी अडवलं नाही. ते जाणं पुढे येईलच.

सूफी मार्गाचे चार टप्पे बेक्ताशी, म्हणजे हाजी बेक्ताशांच्या परंपरेत चार दारं म्हणून सांगतात: शरियत, तरीकत, मारिफत, हकीकत. शरियत म्हणजे धर्माचे नियम, तरीकत म्हणजे गुरूच्या हाताखाली चालायची वाट, मारिफत म्हणजे अनुभवानं आलेली ओळख, हकीकत म्हणजे सत्य. काही परंपरांत शेवटच्या दोन दारांचा क्रम उलटा असतो. मी आजीला आपल्या घरावरून सांगितलं: फाटक, अंगण, ओसरी आणि आतली खोली. फाटक नसेल तर गुरंढोरं आत शिरतील, पण फाटकालाच घर समजून तिथंच उभं राहिलेला माणूस आत काय शिजतं आहे ते कधी चाखणार नाही. मालिकेच्या सुरुवातीचा युनूस फाटकावर उभा आहे. म्हणून सूफी नमाज-रोजा सोडून देतात असं समजू नये. युनूस नमाज मोडीत काढत नाही. तो म्हणतो, तू एकदा जरी कोणाचं मन मोडलंस तर तू पढतोस ती नमाज नव्हे. फाटक ठेवूनच तो आत बोलावतो.

आमच्या गावात संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना होते, खंजिरीवर भजन होतं. मठातला झिक्र, म्हणजे सगळ्यांनी मिळून केलेलं अल्लाहचं स्मरण, पाहून पोरं लगेच म्हणाली, हे तर आपलंच. ओळख पटते ती खरी आहे, ती नाकारू नये. पण म्हणून सगळं सारखंच, असं म्हणून मोकळं होणं मला आवडत नाही. युनूस मुसलमान आहे, कुराणाच्या आधारानं बोलतो, पैगंबरांवर जीव टाकतो. त्याला त्याच्या घरात पाहावं. शेजाऱ्याच्या घरी गेल्यावर आपण भांडी आपल्या पद्धतीनं लावायला बसत नाही.

म्हातारीची भाषा

युनूस कवी म्हणून मोठा का, याचं एक कारण भाषा. कोन्यात राज्यकारभार आणि काव्य फारसीत, धर्माची विद्या अरबीत. रूमीनंही लिहिलं ते मुख्यतः फारसीत. शेतात आणि बाजारात मात्र तुर्की. युनूस मदरशाची भाषा सोडून बाजारातल्या भाषेत गायला, आणि सोपं गायला. विद्या म्हणजे स्वतःला ओळखणं, तेच जमलं नसेल तर एवढं वाचलं कशाला, असं तो विचारतो. माझ्या आत माझ्याहूनही आत एक मी आहे, असं तो सांगतो. एवढा खोल विचार, आणि शब्द रोजच्या वापरातले.

आता काळ जुळवून पाहा. त्याच तेराव्या शतकात अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला महानुभावांनी चक्रधर स्वामींच्या आठवणी गोळा करून मराठी गद्यात लिहिल्या. आज तिथं मराठी भाषा विद्यापीठ उभं राहिलं आहे. पंथातले केशोबास संस्कृतात लिहू लागले तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना अडवलं, कारण संस्कृतामुळे त्यांच्या म्हाताऱ्या ज्ञानाला मुकल्या असत्या. १२९०मध्ये ज्ञानदेवांची गीतेवरची टीका, म्हणजे ज्ञानेश्वरी, मराठीत आली. म्हणजे इकडे नागदेवाचार्य म्हाताऱ्यांची काळजी वाहत होते तेव्हा तिकडे युनूस जिवंत होता आणि तीच काळजी वाहत होता. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. हे मी सांगितलं तेव्हा आजीनं पदर सावरला आणि म्हणाली, "म्हंजे माह्यासाठीच."

त्याच्या एका गाण्याचा आशय सांगतो. शेताला पाणी देणारं लाकडी रहाट करकरतं आहे. युनूस त्याला विचारतो, का रे कण्हतोस? रहाट म्हणतो, मला दुःख आहे म्हणून कण्हतो. मी डोंगरावरचं झाड होतो. त्यांनी मला शोधलं, माझ्या फांद्या तोडल्या, मला रहाटाजोगा ठरवलं. मी खालून पाणी उपसतो आणि वर नेऊन ओततो. माझं प्रेम देवावर जडलं आहे, म्हणून कण्हतो.

आजीला मोट आठवली. पहाटे मोटेचं चाक वाजायचं आणि मोट हाकणारा त्या आवाजावर गाणं धरायचा. जात्याची घरघर आणि ओवी यांचं जे नातं तेच इथं आहे, कामाचा आवाज आणि गाणं एकमेकांत मिसळलेले. मला मात्र त्या रहाटात युनूसच दिसतो. रानातली लाकडं तोडता तोडता एक दिवस त्याला कळलं असेल की तोडलं जाणारं लाकूड तो स्वतः आहे.

मालिकेत काय रचलेलं आहे

युनूसबद्दल पक्की माहिती फार थोडी आहे. त्याच्या कवनांवरून तो बराच शिकलेला होता हे दिसतं, रूमीची नजर आपल्यावर पडल्याचं तो सांगतो, तापदुक हा आपला गुरू हेही सांगतो. त्याची कबर आमच्याकडे, असं म्हणणारी गावं अनेक आहेत. काझीची नेमणूक, खटले, मठातली भांडणं हे मालिकेच्या लेखकांनी रचलं आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही, नाटक असंच उभं राहतं.

एका गोष्टीबद्दल मात्र तक्रार आहे. मालिकेतला मठ फार स्वच्छ आणि शिस्तीचा आहे. युनूसनं स्वतःच्या गुरुपरंपरेत बराक बाबाचं नाव घेतलं आहे. हा बराक बाबा डोक्याला शिंगं लावून, अंगावर घंटा आणि हाडं बांधून फिरत असे. तेव्हाचे अनातोलियातले दरवेश असे रानटी दिसणारेही होते, आणि सत्तेला त्यांची भीती वाटे. सरकारी वाहिनीच्या पडद्यावर तो रांगडेपणा उरलेला नाही. पाहणाऱ्यानं तो आपल्या मनानं परत घालून पाहावा.

एक लोककथा आपल्याला ऐकताक्षणी ओळखीची वाटेल. मोल्ला कासिम नावाचा कर्मठ मौलवी युनूसच्या कवनांची चोपडी घेऊन नदीकाठी बसला. शास्त्राला सोडून वाटलेली हजार कवनं त्यानं जाळली, हजार नदीत सोडली. मग एका कवनात त्याला स्वतःचंच नाव दिसलं: युनूस, वाकडं बोलू नकोस, तुझी झडती घ्यायला एक मोल्ला कासिम येईल. त्याचा हात तिथंच थांबला. म्हणून म्हणतात, हजार कवनं आकाशात देवदूत गातात, हजार पाण्यातले मासे गातात आणि उरलेली हजार माणसं. इंद्रायणी न आठवणारा मराठी माणूस नसेल. तुकोबांचे अभंग पाण्यानं परत दिले, युनूसचे माशांनी ठेवून घेतले.

उंबरठा

शेवटची गोष्ट सांगायची राहिली होती, युनूस मठ सोडून जातो ती. इतकी वर्षं सेवा करून आपल्याला काहीच मिळालं नाही, असं वाटून एक दिवस तो निघून जातो. रानात त्याला दोन दरवेश भेटतात. पहिल्या रात्री एक जण दुआ मागतो, समोर जेवण येतं. दुसऱ्या रात्री दुसरा मागतो, जेवण येतं. तिसऱ्या रात्री युनूसची पाळी. तो घाबरतो. मनात म्हणतो, देवा, हे दोघं ज्याच्या नावानं मागतात त्याच्याच नावानं मीही मागतो. त्या रात्री दुप्पट जेवण येतं. दोघं विचारतात, तू कोणाचं नाव घेतलंस? तो म्हणतो, आधी तुम्ही सांगा. ते म्हणतात, तापदुकच्या दारात युनूस नावाचा एक सेवक आहे, आम्ही त्याच्या नावानं मागतो.

युनूस धावत माघारी येतो. पण आता आत जायचं कोणत्या तोंडानं? तो तापदुकच्या बायकोला, अना बाजीला, भेटतो. ती म्हणते, बाबांना आता दिसत नाही. पहाटे नमाजसाठी मी त्यांचा हात धरून बाहेर आणते. तू उंबरठ्यावर आडवा पड. त्यांचा पाय तुला लागेल, ते विचारतील हे कोण? मी म्हणेन, युनूस. ते म्हणाले, कोण युनूस? तर समज की तुझी जागा गेली, मुकाट निघून जा. आणि म्हणाले, आपला युनूस का? तर पाय धर.

पहाटे तसंच झालं. म्हाताऱ्याचा पाय थबकला. हे कोण? युनूस. क्षणभर काही नाही. मग तो म्हणाला, "बिझिम युनूस मू?" आपला युनूस का?

चाचांनी ते तुर्की शब्द दोनदा म्हणून पाहिले. त्यांचा आवाज भरून आला होता. नातवानं टीव्ही लावायला हात पुढे केला तर आजीनं त्याला थांबवलं. थोडा वेळ ती उंबऱ्याकडेच बघत बसली. मग म्हणाली, "पीर आंधया झाला होता. बुढीले दिसून राह्यलं होतं."